दहा वाजेपर्यंतचा उजेड : एका प्रेमकादंबरीच्या कामाच्या नोंदी

29 डिसेंबर 2024, रविवार

नव्या वहीचं पहिलं पान. खरं तर काम नोव्हेंबरातच सुरू केलं होतं, पण 18 डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, निघालेल्या लाँचला अपघात झाला, 15 माणसं गेली, आणि त्यानंतर दहा दिवस या विषयाकडे वळवेना. ज्या पाण्यावर मी माझ्या नायक-नायिकेची भेट घडवणार होते, तेच हे पाणी.

आज दोन गोष्टी ठरवल्या. कादंबरी घारापुरीवरच घडेल. आणि हा अपघात तिच्यात येणार नाही, नाव बदलून किंवा आडून सूचनेनंही नाही. कुणाच्या ताज्या दुःखावर मला प्रकरण उभं करायचं नाही. कथेचा काळ मागे, 2017-18 मध्ये न्यायचा.

जुना आराखडा : पुण्याची घटस्फोटित नायिका सगळं सोडून बेटावर येते, छोटंसं खानावळवजा घर चालवते, तिथल्या नाखव्याच्या प्रेमात पडते. वाचताना गोड वाटतो. पण या कथेत बेट म्हणजे फक्त तिचं औषध. बेटावरच्या माणसांना स्वतःचं काही हवं-नको आहे असं त्यात कुठंच दिसत नाही.

12 जानेवारी 2025, रविवार

बेटावर जाऊन आले. गेटवेहून तासाभराचा प्रवास. सगळ्यांची लाइफ जॅकेटं बांधून झाल्याशिवाय तांडेलानं लाँच हलवली नाही. प्रवासभर फारसं कुणी बोललं नाही.

धक्क्यापासून छोटी गाडी, मग 120 पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, वयस्कर पाहुण्यांना वर नेणाऱ्या डोल्या. बहुतेक पर्यटक एवढं आणि वरची लेणी बघून परततात. बेटावर तीन गावं आहेत : शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. वस्ती सुमारे बाराशे. जिल्हा रायगड, तालुका उरण. मुंबईचा माणूस घारापुरीला मुंबईचीच समजतो, पण इथल्या माणसाचं सरकारी काम, सोयरीक, बाजार हे सगळं पलीकडच्या किनाऱ्याशी बांधलेलं.

एका दुकानदार ताईंना सहज विचारलं, इथं रात्री राहता येईल का? त्या म्हणाल्या, "पाहुण्यांना रात्री राहायची परवानगी नाय. शेवटची लाँच पकडायची."

या एका वाक्यात माझा आराखडा कोसळला. खानावळ नाही, खोली नाही, पुण्याची नायिका नाही. परक्या बाईला सूर्यास्तानंतर हे बेट ठेवूनच घेत नाही. रात्री इथं असायला माणूस इथलाच हवा, किंवा इथल्यांचा कुणीतरी हवा.

परतीच्या लाँचमध्ये, पावतीच्या मागे लिहिलं : नायिका इथलीच. बाहेर गेलेली. परत आलेली.

19 जानेवारी, रविवार

नायिकेचं नाव वनिता. वय 41. मोराबंदरची लेक, उरणजवळच्या करंजाला दिलेली. एकोणीस वर्षं नांदली आणि एक दिवस निघून आली. का निघून आली हे मी शंभर पानं तरी सांगणार नाही.

"नवी सुरुवात" हा शब्द वहीत लिहिला आणि खटकला. आपल्याकडे अशा बाईबद्दल कुणी "तिनं नवी सुरुवात केली" म्हणत नाही. म्हणतात, "ती परत आली." किंवा "नांदली नाही." पुरुष गाव सोडून मुंबईत आला तर ती सुरुवात, आणि बाई सासर सोडून माहेरी आली तर तो शेवट. प्रेमकथा लिहायची तर याच शब्दांच्या आत शिरून लिहायला हवी. "परत आली" याचाच अर्थ पानागणिक बदलत गेला पाहिजे.

प्रेमकथा म्हणजे हलकं काम, असं मला आयुष्यभर ऐकवलं गेलं आहे. चाळिशीतल्या बाईला कुणाबद्दल तरी पुन्हा ओढ वाटणं, आणि तिनं ती कबूल करणं, याहून जड काम मला माहीत नाही.

2 फेब्रुवारी, रविवार

उरणच्या मोरा बंदरावर (बेटावरचं मोराबंदर नव्हे) राहणाऱ्या एका काकींकडे दिवसभर होते. त्यांचं माहेर घारापुरीचं. नाव कुठंही लिहायचं नाही असं कबूल केलंय, म्हणून इथंही नुसतं काकी.

वीज येण्याआधीच्या रात्रींबद्दल विचारलं. संध्याकाळी तीनेक तास डिझेलचा जनरेटर चाले, साधारण दहाला बंद होई. मी समजत होते, आधी दिवे जात असतील. काकी म्हणाल्या, "आदी आवाज जातो गो. मंग कलतं, का उजेड पन गेला." दिवसभराची कामं त्या तीन तासांत कोंबायची : दळण, मुलांचा अभ्यास, टीव्हीवरची मालिका, मोबाइल भरणं. फ्रीज नाहीच. मासळी त्याच दिवशी खायची, विकायची, नाहीतर खारवायची. आणि दहानंतर घरात काळोख, पण पाण्यापलीकडे न्हावा-शेवा बंदराचे दिवे रात्रभर लख्ख. पश्चिमेला मुंबईचा उजेड आभाळाला लागलेला. मधोमध आपण अंधारात.

"वाईट वाटायचं?" मी विचारलं.

"वाईट कसलं? सवय. पन पोरी पलीकरं दिल्या का रडायच्या नाय, त्याचं कारन तेच." आणि हसल्या.

नायक मिळाला. काशिनाथ, वय 46, बायको जाऊन सात वर्षं झालेली, संध्याकाळी जनरेटर सुरू करणारा आणि दहाला बंद करणारा माणूस. अख्ख्या बेटाचा उजेड ज्याच्या हातात आहे आणि ज्याला कुणी कधी त्याबद्दल काही म्हणत नाही असा. वीज आली की त्याचं काम संपणार. म्हणजे सुरुवात दोघांनाही करायची आहे, आणि त्याची त्यानं मागितलेली नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

शेवटच्या प्रकरणाची तारीख इतिहासानंच ठरवून दिली आहे. 22 फेब्रुवारी 2018, गुरुवार. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी घारापुरीला वीज आली. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून ती आणली.

माझ्या मनात चित्र होतं : गावात दिवे लागतात, समुद्राला उधाण आलेलं, लाटा धक्क्यावर आपटताहेत, दोघं समोरासमोर. मग तिथी काढली. फाल्गुन शुद्ध सप्तमी.

किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशोब सोपा असतो. तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, भरती पुरी होण्याची वेळ मिळते. पंधरवडा बदलला की पुन्हा एकपासून. सप्तमीला सव्वापाचच्या आसपास. आणि सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग. उधाण पुनवेला नि अवसेला. भांगाच्या पाण्याला जोर नसतो, चढतं थोडं, उतरतं थोडं. म्हणजे त्या संध्याकाळी समुद्र जवळजवळ निवांत, भरती होऊन गेलेली, पाणी सावकाश मागे सरकतंय, डोक्यावर अर्धा चंद्र.

तासभर हिरमुसले होते. मग तेच चित्र डोळ्यांपुढं ठेवून बसले आणि वाटलं, हे खरं आहे. एकेचाळीस आणि शेहेचाळीस वर्षांच्या माणसांचं प्रेम भांगाच्या पाण्यासारखंच असतं. आवाज करत नाही, पण होडी तरंगते. "उधाण" हा शब्द संपूर्ण कादंबरीत कुणाच्याही मनाबद्दल वापरायचा नाही, फक्त पाण्याबद्दल.

26 फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

आज मोऱ्याहून गेले, होडीभर माणसांबरोबर. गेटवेहून जाणं आणि इथून जाणं यात फरक आहे. तिकडून येतो तो लेणी पाहायला, इकडून येतो तो देवाला. डब्यात उपासाची खिचडी, पिशवीत बेल, कडेवर मूल.

गर्दी त्रिमूर्तीपुढं आणि पिंडीपाशी. मी मात्र दीड तास पश्चिम दाराजवळच्या शिवपार्वतीच्या लग्नापुढं उभी होते. हा पट फार फुटलेला आहे. हात तुटलेत, पाय गेलेत. तरीही पार्वतीची किंचित खाली झुकलेली मान शाबूत आहे. मागे तिला हलकेच पुढे करणारा बाप, बाजूला पुरोहित होऊन बसलेला ब्रह्मदेव. आणि पार्वती उभी आहे शंकराच्या उजव्या हाताला. लग्न लागेपर्यंत नवरी उजवीकडे, लागल्यावर डावीकडे. याच लेण्यात थोडं पलीकडे अर्धनारीश्वर आहे, आणि तिथं ती डावी बाजू होऊन गेली आहे.

म्हणजे शिल्पकारानं नेमका तो क्षण धरला आहे जेव्हा ती अजून कुणाची झालेली नाही. बाप पुढं करतोय, भटजी तयार आहे, सगळे देव बघताहेत, आणि ती अजून उजवीकडे आहे. दीड हजार वर्षं ती तिथंच उभी आहे.

वनिता लहानपणी या लेण्यांतून शंभरदा धावली असेल. तिनं हा पट कधी पाहिलाच नसेल, आपल्या घरातली भिंत आपण पाहत नाही तसा. एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहील. पण सोबत काशिनाथ असता कामा नये. एकटीनं पाहावं. आणि त्याला कधी सांगूही नये.

30 मार्च, रविवार, पाडवा

पाच प्रकरणं पूर्ण. साधारण 14,000 शब्द. बोलण्यासारखं विशेष काही नाही. रोज पहाटे दोन तास बसले, एवढंच.

20 एप्रिल, रविवार

2017 चं पंचांग चाळताना घबाड सापडलं. त्या वर्षी नारळी पुनव 7 ऑगस्टला, सोमवारी. श्रावणी सोमवार. सोमवारी लेणी बंद, म्हणजे पर्यटक नाहीत, दुकानं मिटलेली, बेट फक्त बेटकऱ्यांचं. आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण, रात्री पावणेअकराच्या पुढं सुरू होऊन पाऊणच्या सुमारास सुटलेलं.

म्हणजे : दिवसा दर्याला नारळ, दहाला जनरेटर बंद, संपूर्ण बेटावर फक्त पुनवेचं चांदणं, आणि तासाभरानं तेही झाकोळू लागतं. वनिता पडवीत. काशिनाथ जनरेटरच्या खोलीला कुलूप लावून घरी निघालेला. दोघं पहिल्यांदा एकमेकांशी चार वाक्यं बोलतात, कारण ग्रहणात झोपायचं नाही म्हणून सगळा पाडाच जागा आहे.

एका बैठकीत 2,300 शब्द झाले. आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं प्रकरण.

26 मे, सोमवार

मुंबईत आज मोसमी पाऊस आल्याची घोषणा झाली. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. खिडकीत बसून वनिताच्या आगमनाचं प्रकरण लिहिलं. पाऊस समोर कोसळतच होता, त्यामुळे सुचलं असेल : ती 29 ऑगस्ट 2017 ला बेटावर येते. त्या दिवशी मुंबईत 300 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, शहर ठप्प झालं. आणि पंचांगात त्या दिवशी गौरी आवाहन. माहेरवाशीण गौर घरात येते, त्याच दिवशी ही माहेरवाशीण येते. जुळलं म्हणून आनंदानं नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी उरणच्या एका ओळखीच्या नाखवाकाकांना फोन करून प्रसंग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती आली कशी?"

"होडीनं."

"त्या दिवशी होडी कोन घालील बाय? माज्या पोरीला पन मी आनली नसती."

बरोबर आहे. मी पावसाचं वर्णन करत बसले आणि पाण्यावरचा माणूस विसरले.

15 जून, रविवार

तीन आठवडे अडले होते. सुटलं ते असं.

ती 29 ला येऊ शकत नाही. 30 ला समुद्र खवळलेलाच असणार. येईल 31 ला, गुरुवारी. आणि 31 ला गौरींचं विसर्जन. म्हणजे सगळ्या माहेरवाशिणी जायच्या दिवशी ही येते. धक्क्यावर तेरड्याच्या गौरी निरोपासाठी डोक्यावरून आणलेल्या, बायका गाणं म्हणताहेत, आणि समोरून आलेल्या होडीतून एक बाई पिशवी घेऊन उतरते. गाणं क्षणभर थांबतं. मग कुणीतरी पुढची ओळ उचलतं.

भरतीचा हिशोब मांडला. भाद्रपद शुद्ध दशमी. दहा त्रिक तीस, भागिले चार : साडेसात. उरणचं मोरा बंदर गाळानं भरलेलं, ओहोटीला होडी धक्क्याला लागत नाही. म्हणजे ती एक तर सकाळच्या पाण्यावर येईल नाहीतर संध्याकाळच्या. विसर्जन संध्याकाळी, तीही संध्याकाळी. सातच्या सुमारास काशिनाथ जनरेटर सुरू करतो. ती पाय टेकते आणि गावात दिवे लागतात. त्याला ठाऊकही नाही की कुणी आलंय. मी काहीच जुळवलं नाही. तिथी, गाळ आणि डिझेल यांनीच जुळवलं.

किंमत मोजावी लागली. ती 31 ऑगस्टला येते म्हटल्यावर 7 ऑगस्टच्या ग्रहणाच्या रात्री ती बेटावर नाही. ते 2,300 शब्द काढले. काशिनाथ एकटाच ग्रहण पाहतो असं करून वाचवायचा प्रयत्न केला, पण एकट्या माणसाचं ग्रहण म्हणजे नुसतं वर्णन. काढलंच. खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतंय.

13 जुलै, रविवार

बोलीचा प्रश्न. आगरी-कोळी बोलीत ळ चा ल, ण चा न, "मला"ला "मना". सगळे संवाद तसे लिहिले तर नागपूर-लातूरचा वाचक अडखळेल. प्रमाण मराठीत लिहिले तर माणसंच खोटी होतील. आज असं ठरवलं : म्हातारी माणसं पूर्ण बोलीत बोलतील. काशिनाथ बोलीतच, पण तो मुळात कमी बोलतो. वनिता आल्या आल्या जरा शुद्ध बोलते, करंजाच्या घरात एकोणीस वर्षं जपून बोलल्यामुळं. हळूहळू तिची जीभ सैल होते. ती पहिल्यांदा "मना नको" म्हणते ते भावाला, आणि तिथून घरातलं वारं बदलतं. वाचकाला कुठंही हे समजावून सांगायचं नाही.

"मना हवा" कधी म्हणायचं, हे तिच्यावर सोडते.

27 जुलै, रविवार

भायखळ्याला जाऊन हत्ती पाहिला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो आता बेटावर नाही. इंग्रजांनी 1864 मध्ये तो विलायतेला न्यायला काढला, उचलताना तो फुटला. तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून ठेवले. 1914 मध्ये ते जोडून तो उभा केला, आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. पन्नास वर्षं तुकड्यांत पडून होता. जोड नीट दिसतात, कुणी लपवलेले नाहीत.

वनिता करंजाहून कधीतरी दवाखान्याच्या कामानं भायखळ्याला येते आणि त्याच्यापुढं थांबते, असा प्रसंग लिहिला. पहिल्या खर्ड्यात ती विचार करते की आपणही अशाच. ते वाक्य रात्री खोडलं. ती फक्त शेजारच्या बाईला सांगते, "हा आमच्या गावचा." बस.

2 सप्टेंबर, मंगळवार, गौरी विसर्जन

काकींकडे मोऱ्याला. माझं सगळ्यात मोठं कोडं त्यांच्यापुढं ठेवलं. तिन्ही गावं मिळून बाराशे माणसं, कुठल्या होडीत कोण चढलं हे धक्क्यावरच्या पोरालाही ठाऊक. वनिता आणि काशिनाथ भेटतील तरी कुठं? आत्तापर्यंत मी त्यांना दहानंतरच्या अंधारात भेटवत होते. जनरेटर बंद करून घरी जाताना तो तिच्या पडवीवरून जातो, दोन मिनिटं थांबतो. सहा महिने हेच.

काकींनी नारळ खवता खवता म्हटलं, "अंधारान काय लपतं गो? आमी अंधारानच वलकायचो सगल्यांना. चालन्यावरून."

मी खवणीकडे बघत राहिले. सगळ्या गावाला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं! दहा वाजता आवाज थांबला की अंधारात पावलं ऐकू येतात, वनिताच्या पडवीपाशी थांबतात, दोन मिनिटांनी पुढे जातात. गाव रोज ऐकतं. कुणी काही बोलत नाही, कारण अंधारातलं बोलायचं नसतं. तोवर ते झालेलंच नाही. अडचण वीज आल्यावर आहे. उजेडात तो पडवीपाशी थांबला तर गावाला बोलावंच लागेल.

म्हणजे 22 फेब्रुवारीला सगळं बेट आनंदात असताना ही दोघंच घाबरलेली आहेत. माझं शेवटचं प्रकरण मला आज मिळालं. नऊ महिने मी वीज म्हणजे सुखाचा शेवट समजून चालले होते.

काकींच्या घरची गौर उचलली तेव्हा मीही बायकांबरोबर पाण्यापर्यंत गेले.

12 ऑक्टोबर, रविवार

पहिला खर्डा पूर्ण. 61,000 शब्द. शेवटचं प्रकरण चार वेळा लिहिलं.

आता ते असं आहे. लोकार्पणाचे पाहुणे येऊन गेलेत. संध्याकाळ. भरती होऊन पाणी उतरतंय. घराघरांत बल्ब, पडवीत ट्यूब. काशिनाथ सवयीनं दहाला जनरेटरच्या खोलीपाशी जातो, आत काही बंद करायला नाही, तरी आत जातो, कुलूप लावून निघतो. आज रस्ता उजळलेला आहे. दोन्ही बाजूंच्या पडव्यांत माणसं बसलेली, झोपायला कुणीच तयार नाही. तो चालत येतो. वनिताच्या दारापाशी पावलं मंद होतात. ती आत जाऊ शकते. पडवीतली ट्यूब बंद करू शकते, बटण हाताशी आहे.

ती बटणाला हात लावत नाही. उठते, पाट सरकवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "बस. चा ठेवते."

दुपारी काकींना हे वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाट नको. पाट जेवाया. त्याला खुर्ची देल ती, पडवीन खुर्ची असतेच."

पाट खोडला, खुर्ची लिहिली. उद्यापासून दुसरा खर्डा.